चित्राखालील नांव

खालापूर तालुक्यांतील इर्शाळगडाचें नेढें कोणा दुर्गप्रेमी वाचकास ठाऊक नाहीं? गिर्यारोहकांनीं त्याचीं असंख्य छायाचित्रें घेतलीं; परंतु गडाच्या वाटेवरील ठाकरांची वाडी त्यांत क्वचितच दिसली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली, २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसें बेपत्ताच राहिलीं. आणि मग ती वाडी वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोंचली. आम्हीही तीं चित्रें पाहिलीं व हळहळलों. आज मात्र त्यांतील एकाही रडणाऱ्या स्त्रीचें नांव आम्हांस सांगतां येत नाहीं. चित्राखालीं 'शोकाकुल आप्त' एवढेंच असे.

ही खोड जुनी आहे. १८६८ ते १८७५ या काळांत 'पीपल ऑफ इंडिया' या सरकारी ग्रंथाचे आठ खंड निघाले. त्यांत माणूस उभा आहे तो आपल्या जातीचा नमुना म्हणून. जेकब रीस यांचें 'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज' (१८९०) हें पुस्तक याहून पुष्कळ वरच्या पायरीचें. न्यूयॉर्कमधील कोंदट चाळींचें चित्र व वर्णन त्यांनीं एकत्र मांडलें. त्यानें चेतलेल्या चळवळीचें फळ म्हणजे १९०१ चा चाळींविषयींचा कायदा. तरीही मॅग्नेशियमची भुकटी पेटवून, झोपेंतून दचकलेल्या माणसांचीं चित्रें घेणें आम्हांस खटकतें. हेतु शुद्ध असला तरी अनुमतीवांचून घेतलेला चेहरा उसनाच राहतो.

सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांनीं मुंबईच्या सफाई कामगारांचीं जीं छायाचित्रें घेतलीं, त्यांचें मोल येथेंच कळतें. घाणींत उतरलेला माणूस ते दाखवितात, तसेंच त्याचें घर व कुटुंबही. पाहणाऱ्याच्या मनांतील कींवेला मग लाज येऊन मिळते, आणि सुधारणेचा आरंभ तेथें होतो.

कर्जत-खालापूरचा कातकरी पावसाळा सरला कीं बिऱ्हाडासह वीटभट्टीवर जातो. दाखल्यावरील ओळख त्यास सरकार देतें. ग्रंथांतील ओळख आधीं गोऱ्या अधिकाऱ्यांनीं व पुढें आम्हां प्राध्यापकांनीं दिली. त्याची स्वतःची ओळख त्याच्याच तोंडून आम्ही कधीं मागितली? आतां वाड्यांवरही मोबाइलचा कॅमेरा पोहोंचला आहे. तेथील एखादी मुलगी भट्टीवरील आपल्या आईचें चित्र घेऊन त्याखालीं तिचें नांव व चार ओळी लिहील, तेव्हां ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्याची घाई आम्हां टीकाकारांनीं करूं नये. त्या चार ओळी आधीं आम्हांस वाचतां आल्या पाहिजेत.