बालकांमधील तीव्र फुफ्फुस-इजेचे जैविक निर्देशक : एक चिकित्सा

बालकांच्या फुफ्फुस-इजेची तीव्रता रक्तातील निर्देशकांवरून ओळखण्याचा प्रयत्न स्वागतार्ह होय. अँजिओपोएटिन-२ रक्तवाहिन्यांची गळती सुचविते, तर ‘रेज’ हे प्रथिन वायुकोशांच्या अस्तराची हानी दर्शविते. तथापि जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यासही अँजिओपोएटिन-२ वाढते. म्हणजे इजा फुफ्फुसाचीच, असे त्यावरून ठरत नाही. शिवाय हे संशोधन बव्हंशी अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचलेल्या बालकांवर आधारलेले आहे. मळवलीच्या आसपासच्या डोंगरी वाडीतले मूल तेथवर पोहोचेपर्यंत काय मोजावयाचे?

या इजेचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी त्यासाठी श्वासगतीचा आधार घेतला. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक असणे हे धोक्याचे लक्षण. निरक्षर सुईणीलाही ते मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचे साधे उपकरण घडविले. गावातच उपचार केल्याने बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. श्वासगती न्यूमोनिया व फुफ्फुस-इजा यांत भेद करीत नाही, ही तिची मर्यादा खरीच; परंतु ती वेळेत कळते. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनेही धमनीतील रक्ताची तपासणी उपलब्ध नसल्यास बोटावरील ऑक्सिमीटरची नोंद ग्राह्य धरली आहे.