बीजिंगची जुनी वेधशाळा : माथ्यावर आणि अंगणात

बीजिंगला गेलेला प्रवासी राजवाडा पाहतो, लांब भिंत पाहतो आणि परततो. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र अर्धा दिवस शहराच्या पूर्व भागातील जुन्या वेधशाळेसाठी राखून ठेवावा. मिंग राजवटीत, १४४२ साली, ती शहराच्या तटावरील बुरुजावर उभी राहिली. पुढे तट पाडला गेला. बुरूज तेवढा राहिला. १९२९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ५०० वर्षे, या एकाच जागेवरून आकाशाचे वेध घेतले गेले.

बुरुजाच्या माथ्यावर, उघड्या आभाळाखाली, ब्राँझची आठ यंत्रे आहेत. त्यांपैकी सहा फेरबीस्ट या जेझुइट धर्मगुरूने १६७३ मध्ये करवून घेतली. उरलेली दोन अठराव्या शतकातली. यंत्रांना आधार देणारे ड्रॅगन इतके देखणे आहेत, की वर्तुळांवरील अंशांच्या खुणांकडे लक्षच जाऊ नये! त्यात लुटीची कथा. १९०० साली परकीय फौजा शहरात शिरल्या, जर्मनांनी काही यंत्रे पॉट्सडॅमला नेली, आणि महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात ती परत करण्याचे कलम घालावे लागले. १९२१ मध्ये ती परतली.

माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. खाली अंगणात मिंगकालीन गोलयंत्र व 'सरल यंत्र' दिसते, पण त्या प्रतिकृती आहेत. अस्सल यंत्रे १९३० नंतरच्या दशकात नानजिंगला हलवली गेली व आजही तेथेच आहेत. माथ्यावर अस्सल, अंगणात नक्कल. साहजिकच पाहणाऱ्याच्या मनात माथ्यावरच्या यंत्रांचे वजन वाढते. आणि चीनला खगोलशास्त्र युरोपने शिकवले, असा समज घेऊन तो जिना उतरतो.

हा समज अर्धवट आहे. अंगणातील सरल यंत्राचा मूळ आराखडा तेराव्या शतकातील गुओ शौजिंग याचा. त्याचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो. तारे ध्रुवाभोवती फिरताना दिसतात, त्यामुळे असे यंत्र एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा माग घेता येतो. आपल्याकडे हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींनाही पुष्कळदा हीच बैठक असते. युरोपात टायको ब्राहेने तिचा पुरस्कार केला तो सोळाव्या शतकात. उलट, फेरबीस्टच्या सहा यंत्रांपैकी एक क्रांतिवृत्तावर बेतलेले आहे, कारण युरोपची परंपरा ती होती.

आणखी एक गोष्ट. १६७३ साली दुर्बीण साठ वर्षांहून जुनी झाली होती, तरी यातले एकही यंत्र दुर्बिणीचे नाही. याला निव्वळ मागासलेपण म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच काळात डान्झिगला हेवेलियसही ताऱ्यांची स्थाने नुसत्या डोळ्यांनीच मोजत होता. पण 'नवे युरोपीय विज्ञान' म्हणून जे आले ते बव्हंशी टायकोच्या घडणीचे, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे होते, हे पाहणाऱ्याला कळायला हवे.

सर्वांत बोलका फरक वर्तुळाच्या भागांत आहे. फेरबीस्टने वर्तुळाचे ३६० अंश केले. त्यापूर्वीचे चिनी ज्योतिषी ३६५ १/४ भाग करीत. एका भागाला ते 'दू' म्हणत. सूर्य ताऱ्यांमधून दररोज साधारण एक दू सरकतो, म्हणजे कालगणना वर्तुळातच कोरलेली! भागाकाराला मात्र हे माप त्रासदायक. या दोन पट्ट्या एकाच टेबलावर, हाताने चाचपता येतील अशा ठेवल्या, तर माथा आणि अंगण यांतले अंतर मिटेल. शेजारी ध्रुवाकडे रोखलेली एक साधी नळी हवी. बीजिंगला ती क्षितिजापासून ४० अंश वर असेल, मुंबईला १९.

आपल्या वर्गात हे पुठ्ठ्यावर करता येईल. एका चकतीवर अंश आखा, दुसरीवर दू, आणि विद्यार्थ्यांना ३० अंशांचे दू काढायला सांगा. उत्तर ३०.४४ च्या आसपास येते.