'लागणे' आणि 'असेल' : दंडसंहितेच्या मराठी क्रियापदांविषयी

कायद्याच्या मराठीवर टीका करणारे बहुतेक जण नामांपाशीच थांबतात. 'बलाद्ग्रहण' वाचून हसू येते, 'फौजदारीपात्र न्यासभंग' म्हणताना दम लागतो, आणि ज्याला गावात खंडणी किंवा विश्वासघात म्हणतात तेच हे, असे पक्षकाराला समजावून सांगावे लागते. उलट 'आगळीक', 'धाकदपटशा', 'जबर दुखापत' हे शब्द त्याच भाषांतरकारांनी निवडले, आणि ते इतके नेमके आहेत की त्यांना दाद द्यावीशी वाटते. नामांचा हिशेब असा संमिश्र आहे. माझा आक्षेप क्रियापदांवर आहे. कोणी काय केले आणि त्यापायी त्याला काय करावे लागेल, हे दोन्ही क्रियापद सांगते. परिभाषा कोशांत मात्र नामांची गर्दी असते आणि क्रियापदे कडेला उभी असतात.

मेकॉलेचा मसुदा १८३७चा, भारतीय दंड संहिता १८६०ची, अंमल १८६२पासून. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६०मध्ये, भाषा संचालनालय निघाले. राजभाषा अधिनियम १९६४चा. आणि खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना १९९८ची. म्हणजे ही भाषा आता केवळ ग्रंथालयात ठेवायची नाही. अचलपूर किंवा अकोटच्या माणसाला तिच्यातून शिक्षा होते.

इंग्रजी संहितेचा सारा भार 'शॅल' या एका सहायक क्रियापदावर आहे. जो कोणी अमुक करील त्याला शिक्षा 'शॅल'. मराठीत कलमामागून कलम त्याच्या जागी 'होईल' आणि 'असेल' येतात. आता 'असेल' हा शब्द रोजच्या बोलण्यात काय करतो ते पाहा. गाडी बडनेऱ्यात असेल. साहेब जेवायला गेले असतील. हा अंदाज आहे. 'तो द्रव्यदंडासही पात्र असेल' हे वाक्य ज्याला कायद्याची सवय नाही त्याच्या कानावर 'असेल बुवा' असेच पडते. वऱ्हाडीत तर 'होईल'चे 'होईन' होते, आणि 'पाऊस येईन' व 'शिक्षा होईन' यांच्यात ऐकणाऱ्याला हुकमाचा फरक जाणवत नाही. भाषांतरकारांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे : 'पात्र' हा शब्द अचूक आहे. तिथे इंग्रजी कायदा दंड लावण्या न लावण्याची मोकळीक न्यायाधीशाला ठेवतो, आणि ती 'पात्र'मध्ये उतरते. बिघडते ते त्याच्या शेपटीला लावलेल्या 'असेल'ने. 'पात्र ठरेल' म्हटले असते तरी भागले असते.

'शॅल' मुळात भविष्यकाळ दाखवणारे नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'देणे लागणे' असा होता. त्याच घराण्यातला डच 'स्खुल्ट' आणि जर्मन 'शुल्ट' हे शब्द आजही कर्ज आणि अपराध दोन्हींसाठी चालतात. इंग्रजाने ते ऋणाचे नाते विसरून शब्द कायद्यात ठेवला, आणि आता ब्रिटन-ऑस्ट्रेलियातले कायदे लिहिणारे त्याला संदिग्ध ठरवून त्याजागी 'मस्ट' घालू लागले आहेत.

मराठीकडे मात्र या मुळाचा हुबेहूब जोडीदार जिवंत आहे : 'लागणे'. मी त्याचे पाचशे रुपये देणे लागतो. मला जावे लागते. खोटे बोललास तर पाप लागेल. दोष लागतो, डाग लागतो, आणि कलमही लागते. 'तीनशे दोन लागला त्याले' असे अमरावतीच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर सहज ऐकू येते. 'मले त्याचे पैशे द्या लागते' या वऱ्हाडी वाक्यात कर्ज कुठे संपते आणि सक्ती कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. कापसाच्या आणि सावकारी खतांच्या या मुलखात ते सांगायची गरजही कुणाला वाटली नसेल. कर्ज, कर्तव्य आणि अपराध, तिन्ही एका धातूत. आणि संहितेच्या मराठीने शिक्षेच्या वाक्यातून नेमका तोच वगळला.

तो का वगळला असावा? माझा तर्क असा की 'लागणे'त कर्ता दिसेनासा होतो. 'त्याने काठी मारली' आणि 'त्याला काठी लागली' यांत इच्छापूर्वक दुखापतीचा सगळा खटला आहे. 'मारलं नाई, त्याले लागलं' असा जबाब देणारा इसम क्रियापदातूनच बचाव मांडत असतो. तो जबाब 'मी मारले' असा उतरला तर त्याचा बचाव साक्षीपुराव्याआधीच कागदावरून जातो. म्हणून गुन्ह्याच्या वर्णनात 'लागणे' नको, हे मला मान्य आहे. पण शिक्षेच्या वाक्यात मूळ इंग्रजीलाही कर्ता नाही, तिथे प्रयोग कर्मणीच आहे. शिक्षा कोण देतो हे त्या वाक्याला सांगायचे नसते, ती चुकत नाही एवढेच सांगायचे असते.

कर्तव्याचे दुसरे जुने रूप म्हणजे '-आवे'. त्याचे सर्वांत जुने भांडार आमच्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला, महानुभावांच्या परंपरेने सांभाळले. आचाराची सूत्रे या रूपात आहेत : कुठे राहावे, भिक्षा कशी मागावी. ते उपदेशाचे रूप आहे, दंडाचे नव्हे. आणि विध्यर्थातही 'असावा'चा तोच घोळ आहे : 'उमेदवार पदवीधर असावा' ही अट, 'तो पदवीधर असावा' हा तर्क. दंडसंहितेला हे रूप चालणार नाही.

'शिक्षा भोगावी लागेल' हे चालले असते. त्यात सक्ती आहे, आणि गावातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. तीनशे दोनचे एकशे तीन झाले, चारशे वीसचे तीनशे अठरा. आकडे बदलले, पण इंग्रजीतला 'शॅल' तसाच आहे. त्यामुळे मराठी भाषांतरकारापुढे 'असेल'चा प्रश्नही तसाच उभा आहे, आणि या वेळी आधीचा मजकूर उतरवून घेण्यापूर्वी तो सोडवायला हरकत नव्हती.