फॅनफिक्शनचं शुद्धलेखन कोण तपासतं?

२००६ साली फॅनफिक्शन डॉट नेट या संकेतस्थळावर हॅरी पॉटरच्या जगावर बेतलेली ‘माय इमॉर्टल’ नावाची कथा प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली. लेखिकेने नाव लावलं होतं तारा गिलेस्बी. ४४ प्रकरणं पुरी होईपर्यंत तिने इंग्रजी स्पेलिंगचं धिरडं करून टाकलं. नायिका एबनी, पुढे तिची ‘एनोबी’ झाली. डम्बलडोरचा ‘डम्ब्लीडोर’ झाला. स्नेपच्या नावातला शेवटचा ‘ई’ गळाला. मधूनमधून लेखिकेचे वाचकांना निरोप येत. रेव्हन नावाची मैत्रीण स्पेलिंग बघून देते, तिचे आभार, असं सुरुवातीला ती लिहायची. मग दोघींचं बिनसलं आणि तिथून घसरगुंडी सुरू झाली. २००८ साली संकेतस्थळाने कथा काढून टाकली, तोवर तिच्या प्रती सगळीकडे पोचल्या होत्या. हे ठरवून केलेलं विडंबन होतं की खरोखर कुणा शाळकरी मुलीचं लिखाण, यावर अजूनही वाद झडतात.

फॅनफिक्शन म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन हौसेने, बिनपैशाने लिहिलेल्या कथा. ज्यांना हा सगळा प्रकारच अशिक्षितांचा वाटतो, ते पुरावा म्हणून ‘माय इमॉर्टल’ पुढे करतात. पण त्या कथेतली रेव्हन ते विसरतात. इतक्या बेबंद कथेतसुद्धा, छापण्याआधी कुणीतरी आपलं लिखाण डोळ्यांखालून घालायचं असतं, ही रीत गृहीत धरलेली होती. फॅनफिक्शनमध्ये शुद्धलेखनाला किती महत्त्व आहे, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर ही तपासणारी माणसं कोण होती आणि आता कुठे आहेत, तिथून सुरुवात करायला हवी.

१९६७ साली ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी मासिक काढलं, तेव्हा कथा छापणं हे अंगमेहनतीचं काम होतं. स्टेन्सिल कापायची, चूक झाली तर दुरुस्तीचं द्रावण ब्रशने लावून अक्षर पुन्हा उमटवायचं, सायक्लोस्टाइल यंत्र फिरवायचं, पानं टाचायची. कागद आणि टपाल, दोन्हींना पैसे पडत. त्यामुळे कथा निवडणारी आणि सुधारणारी संपादक व्यक्ती आपोआपच असे. या मासिकांतली टीकाही घरचीच होती. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी ‘अ ट्रेकीज टेल’ ही चिमुकली विडंबनकथा लिहिली. तिच्यातल्या साडेपंधरा वर्षांच्या सर्वगुणसंपन्न लेफ्टनंट मेरी सूचं नाव अशा पात्रांसाठी आज जगभरच्या समीक्षेत रूढ झालं आहे. म्हणजे हे लेखन सुरू होऊन दशकही उलटलं नव्हतं, तोच त्याचे दोष दाखवणारे त्याच मांडवात तयार झाले होते.

१९९८ साली फॅनफिक्शन डॉट नेट आलं आणि संपादकाची खुर्ची रिकामी झाली. बटण दाबलं की कथा प्रसिद्ध. संकेतस्थळाच्या नियमावलीत स्पेलिंग तपासूनच कथा टाका, अशी सक्त सूचना होती, पण ती पाळली जाते की नाही हे बघणार कोण? ही पोकळी चाहत्यांनीच भरली. बीटा रीडर ही संस्था याच काळात पक्की झाली. कथा प्रसिद्ध होण्याआधी ती एका विश्वासू वाचकाकडे जायची. तो स्वल्पविरामापासून कथानकाच्या भोकांपर्यंत सगळं बघायचा, तेही फुकट. लेखिका कथेच्या माथ्यावर त्याचे आभार मानायची. २००८च्या सुमारास संकेतस्थळानेच बीटा वाचकांची यादी ठेवायला सुरुवात केली.

या कामाची खोली कळायची तर ‘ब्रिट-पिकिंग’ बघावं. हॅरी पॉटरवर लिहिणाऱ्या अमेरिकन मुली आपल्या कथा मुद्दाम ब्रिटिश वाचकाला दाखवत. हॉगवर्ट्समधला मुलगा आईला ‘मॉम’ म्हणणार नाही, ‘मम’ म्हणेल. त्याची ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी, वरून घालायची ती ‘ट्राउझर्स’. पानगळीला तो ‘फॉल’ म्हणणार नाही. यातला एकही शब्द अमेरिकन व्याकरणाने चुकीचा नाही. तरीही तो पात्राच्या तोंडी आला की वाचकाचा विश्वास उडतो. फॅनफिक्शनमधली शुद्धता शाळेतल्या शुद्धतेपेक्षा वेगळी आहे, ती इथे. मूळ लेखकाने वाचकाच्या कानात एक आवाज बसवून ठेवलेला असतो. नव्या लेखिकेला त्या आवाजाशी इमान राखावं लागतं, आणि ते राखलं की नाही हे ओळखणारे हजारो कान समोर बसलेले असतात.

म्हणूनच नावातली चूक इथे सगळ्यांत जास्त झोंबते. हर्मायनीच्या इंग्रजी नावातला ‘आय’ आणि ‘ओ’ इकडचा तिकडे झालेल्या कथा अगणित आहेत, आणि अनेक वाचक ते नाव तसं दिसताच कथा मिटतात. हा निवाडा कठोर वाटेल, पण त्यात तर्क आहे. जिच्यावर आपलं प्रेम आहे असं लेखिका म्हणते, तिचं नाव तिने पुस्तक उघडून एकदाही पाहिलेलं नाही, हे पहिल्याच ओळीत उघड होतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनच्या चाहत्यांनी याची शिक्षाही कथेतूनच दिली. ‘ऑफिशियल फॅनफिक्शन युनिव्हर्सिटी ऑफ मिडल-अर्थ’ या गाजलेल्या कथेत वाईट फॅनफिक्शन लिहिणाऱ्यांना शिकवणीला बसवलेलं आहे, आणि कुणी मध्य-पृथ्वीतलं नाव चुकीचं लिहिलं की त्याच चुकीच्या नावाचं एक छोटं बॅलरॉग, म्हणजे टोल्किनच्या जगातला ज्वाळांचा राक्षस, जन्माला येतं. टोल्किनच्या बाबतीत हे शोभतंही. १९५४ साली ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ छापताना मुद्रकांनी त्यांचं ‘ड्वार्व्ह्ज’ हे अनेकवचन कोशाप्रमाणे ‘ड्वार्फ्स’ करून टाकलं होतं. टोल्किन यांनी ते हट्टाने पूर्ववत करून घेतलं.

संगणकातला स्पेलिंग तपासनीस या बाबतीत फारसा कामाचा नाही, कारण चुकून लिहिलेला शब्दही बऱ्याचदा खरा शब्द असतो. ‘एक्स-मेन’मधल्या रोग या नायिकेच्या इंग्रजी नावातले ‘जी’ आणि ‘यू’ यांची अदलाबदल झाली की ती ‘रूझ’ होते, म्हणजे गालाला लावायची लाली. तपासनीस खूश, वाचक हवालदिल. ‘नक्की’ या अर्थाचा ‘डेफिनेटली’ लिहायला जावं आणि यंत्राने ‘डिफायंटली’ करून द्यावं, की मान डोलावणारं पात्र एकाएकी बंडखोर होतं.

खरी कसोटी मात्र व्याकरणाची आहे, आणि ती सर्वनामांत लागते. फॅनफिक्शनचा मोठा भाग दोन पुरुषांमधल्या किंवा दोन स्त्रियांमधल्या प्रेमाचा आहे. ‘तो त्याच्याकडे वळला, त्याने त्याचा हात धरला आणि त्याचे डोळे भरून आले.’ कुणाचा हात, कुणाचे डोळे? स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत हा गोंधळ होत नाही, म्हणून छापील प्रणयकथांकडे याचा तयार तोडगा नव्हता. नवख्या लेखिका मग ‘उंच पुरुष’, ‘सोनेरी केसांचा तरुण’, ‘वयाने मोठा असलेला’ अशी विशेषणं नावाच्या जागी पेरतात. वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं त्या माणसाला कोणीही मनातल्या मनात ‘सोनेरी केसांचा तरुण’ म्हणत नाही, त्यामुळे जवळिकीच्या प्रसंगातच ती जवळीक तुटते. अनुभवी बीटा वाचक ही विशेषणं आधी छाटतो. वाक्याचा कर्ता बदलून, नाव योग्य जागी ठेवून, कधी वाक्य मोडून तो गुंता सोडवतो. हे काम कोणत्याही प्रकाशनसंस्थेतल्या संपादकाच्या तोडीचं आहे.

याच अडचणीचा कलेसाठी वापरही झाला आहे. १९७४ साली ‘ग्रुप’ या हौशी मासिकात ऑस्ट्रेलियाच्या डायन मर्चंट यांची ‘अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम’ ही कथा आली. ‘स्टार ट्रेक’मधल्या कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाची ही पहिली छापील कथा मानली जाते. तिच्यात दोघांची नावंच नाहीत. काळ असा होता की ती उघड घेणं धोक्याचं होतं. सगळी कथा सर्वनामांच्या आडोशाला उभी आहे, आणि जाणत्या वाचकाला ती बरोबर कळली. व्याकरणाची एवढी जाण असलेल्या परंपरेला अशुद्ध म्हणून निकालात काढणं अन्यायाचं आहे.

आता दुसरी बाजू. इथे लिहिणाऱ्यांत इंग्रजी ही मातृभाषा नसलेले पुष्कळ आहेत. रिबेका ब्लॅक या अमेरिकन संशोधिकेने २००८च्या आपल्या पुस्तकात ‘नानाको’ या बदललेल्या नावाने एका मुलीचा अभ्यास मांडला आहे. मातृभाषा मँडरिन, लहानपणी चीनमधून कॅनडात आलेली, आणि इंग्रजी शिकू लागल्यावर थोड्याच वर्षांत ‘कार्डकॅप्टर साकुरा’ या जपानी मालिकेवर इंग्रजीत कथा लिहू लागलेली. कथेच्या आरंभी ती वाचकांना सांगून टाकायची की इंग्रजी माझी भाषा नाही, चुका पोटात घाला. वाचकांनी काय केलं? आधी कथेचं कौतुक केलं, पुढचं प्रकरण मागितलं, आणि मग काहींनी हळूच काळ, क्रियापदं, वाक्यरचना दुरुस्त करून दिली. तिचा हुरूप टिकला आणि भाषाही सुधारत गेली. सिसिलिया अ‍ॅरगॉन आणि केटी डेव्हिस यांनी २०१९च्या ‘रायटर्स इन द सीक्रेट गार्डन’मध्ये हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर तपासला. जास्त अभिप्राय मिळालेल्या लेखकांची शब्दसंपदा कालांतराने अधिक समृद्ध होते, असं त्यांना आढळलं. वर्गातल्या लाल शाईपेक्षा, पुढचं प्रकरण वाचायची घाई झालेला वाचक चांगला शिक्षक ठरतो.

मग आज चित्र काय आहे? २००९ साली खुलं झालेलं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे आता या लेखनाचं मुख्य घर आहे. २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. दर्जा किंवा शुद्धता यावरून तिथे कुणाची कथा काढली जात नाही, आणि हे धोरण योग्यच आहे. पण त्याच घरात कथेला लावायची एक ओळखचिठ्ठी (टॅग) विलक्षण लोकप्रिय झाली आहे. तिचा आशय असा: बीटा वगैरे काही नाही, आम्ही मर्दासारखे मरतो. मर्दाच्या जागी प्रत्येक मालिकेतल्या मेलेल्या पात्राचं नाव घालून तिच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आहेत. त्यातली गंमत मान्य केली तरी हे लक्षण चांगलं नाही. शेजारीच दुसरा संकेत घट्ट झाला आहे: न मागता चूक दाखवायची नाही. त्यामागचं कारण खरं आहे. २०००च्या दशकात वाईट कथा निवडून त्यांची ओळीओळीने सालं काढण्याचा खेळ चालायचा आणि त्यात कोवळी पोरं कायमची लिहायची थांबली. मात्र या दोन गोष्टी एकत्र आल्या की लेखिकेला आधी कुणी तपासून देत नाही आणि नंतर कुणी सांगत नाही. उरतं ते यंत्र. यंत्र स्वल्पविराम नीट घालतं, पण स्नेप असं बोलणार नाही, हे ते लेखिकेला सांगत नाही.

शिवाय वरवरची सफाई म्हणजे चांगलं गद्य नव्हे. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ची सुरुवात ‘ट्वायलाइट’वरच्या फॅनफिक्शन म्हणून झाली. पुढे ती व्यावसायिक संपादनातून गेली, मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि तरीही त्याच त्या शब्दांच्या पुनरुक्तीवरून समीक्षकांनी तिला धारेवर धरलं. याउलट दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री लिहिलेल्या, दोनचार टंकनदोष राहिलेल्या कितीतरी कथांत संवादांचा कान अचूक असतो. टंकनदोष वाचक माफ करतो आणि त्याने तो करावाच. काळ मधेच बदलणं, कोण बोलतंय ते न कळणं, फोनच्या पडद्यावर परिच्छेद न पाडता मजकुराची भिंत उभी करणं, या गोष्टी मात्र माफीच्या पलीकडच्या आहेत, कारण त्या वाचकाला कथेबाहेर ढकलतात.

मराठीत नेमक्या अर्थाने फॅनफिक्शन थोडंच आहे, पण प्रतिलिपीसारख्या मंचांवर संपादकाविना थेट प्रसिद्ध होणाऱ्या कथांचा ओघ मोठा आहे, आणि प्रश्न तोच आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२मध्ये भर पडलेले चार, हे सगळे तोंडपाठ असावेत अशी अपेक्षा फोनवर लिहिणाऱ्या मुलीकडून करणं जास्त होईल. ‘की’ ऱ्हस्व लिहिला किंवा ‘आणि’ दीर्घ, म्हणून तिच्या कथेची किंमत शून्य होत नाही. पण ती चूक तिला प्रेमाने दाखवणारं माणूस मराठीत अजून रीतसर तयार झालेलं नाही. बीटा रीडरची प्रथा तिकडून उचलायचीच असेल तर ती आता उचलावी. ज्यांना ऱ्हस्वदीर्घ खुपतं, अशा वाचकांनी खाली अभिप्रायात टोमणा मारण्याऐवजी आवडत्या लेखिकेला खासगी निरोप धाडावा आणि पुढचं प्रकरण आधी वाचून द्यायची तयारी दाखवावी.