ब्लॅकबर्नचा क्लब आणि पुण्याचे मालक

इंग्लिश फुटबॉलमधल्या परदेशी मालकांची चर्चा निघाली की अबू धाबीचे शेख, रशियन अब्जाधीश आणि अमेरिकी कुटुंबे आठवतात. पुणे सहसा कुणाला आठवत नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये कुक्कुटपालनाच्या धंद्यातल्या पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला, तेव्हा मला अभिमान वाटला होता. लँकेशायरमधले हे गिरणगाव एकेकाळी हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणत असे. इतिहासाने उट्टे काढले, असे तेव्हा मनात आले. तो अभिमान आज तपासून पाहावासा वाटतो.

क्लबची स्थापना 1875 ची. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी तो एक. नव्या मालकांनी महिन्याभरात सॅम अ‍ॅलर्डाइस या अनुभवी व्यवस्थापकाला काढले आणि ते पद कधीच न सांभाळलेल्या स्टीव्ह कीन यांना नेमले. मे 2012 मध्ये विगनकडून हरून क्लब प्रीमियर लीगबाहेर गेला. त्या सामन्यात प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानात चक्क कोंबडी सोडली. 2017 मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या श्रेणीत परतला, पण प्रीमियर लीग काही पुन्हा हाती लागली नाही.

परक्या मालकाला गावाची नाडी कळत नाही, हे यावरचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. ब्लॅकबर्नने 1995 मध्ये लीग जिंकली ती जॅक वॉकर यांच्या पोलादाच्या धंद्यातल्या पैशावर. अ‍ॅलन शिअररसारखा खेळाडूही त्याच पैशाने आला. वॉकर गावचेच, म्हणून त्या पैशात गावाला माया दिसली. 2000 मध्ये ते वारले. पुढे त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टने क्लब विकला. विक्रीच्या वेळी प्रेक्षकांना मत नव्हते, पण ते वॉकर यांच्या काळातही नव्हतेच. संघ जिंकत होता, त्यामुळे त्याची उणीव कुणाला जाणवली नाही.

वेंकीजने क्लब वाऱ्यावर सोडला नाही, वर्षानुवर्षे तोटा भरून काढला, हेही नोंदवले पाहिजे. मात्र अशा भरपाईने गावाचा शब्द वाढत नाही, मालकावरचे अवलंबित्व तेवढे वाढते. जर्मनीत काही अपवाद सोडता क्लबातली निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे. इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामकाचा कायदा व्हायला 2025 उजाडले.

म्हणून मालक कुठला, या प्रश्नापेक्षा तो कुणाला उत्तर देतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. धोतरे विकणाऱ्या गिरणीमालकांनी इथल्या विणकराला कधी विचारले नव्हते. पुण्याच्या मालकांनाही ब्लॅकबर्नला विचारण्याचे बंधन नव्हते. याला मी आता उट्टे म्हणणार नाही. तीच रीत फक्त उलट्या दिशेने चालली.