‘वातूळ’ कडधान्ये : एका कात्रणाची तपासणी

गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात पचनसंस्थेवर माझे व्याख्यान झाले. ते संपल्यावर एका बाईंनी माझ्या हातात वर्तमानपत्राच्या आरोग्य-सदराचे कात्रण ठेवले. मथळा होता : ‘गॅसपासून कायमची सुटका’. बाई म्हणाल्या, "सर, माझी बहीण नुकतीच बाळंत झाली आहे. हे वाचून तिच्या सासूबाईंनी तिची डाळ-उसळ बंद केली. बाळाला गॅस होतो म्हणे. यात खरं किती, ते सांगा."

कात्रण मी घरी नेऊन दोनदा वाचले. त्यातले सगळेच चूक असते तर उत्तर सोपे होते. परंतु ‘सावकाश जेवा’, ‘घास नीट चावा’ असे रास्त सल्ले आणि निराधार विधाने त्यात एकाच सुरात आली होती. अशी सदरे आपण सगळेच वाचतो, म्हणून त्याची थोडी तपासणी करू.

पहिला दोष असा की लेखकाने तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या आहेत. ढेकरेतून येते ती बहुतांशी जेवताना-पिताना गिळलेली हवा. खालून सरणाऱ्या वायूत गिळलेल्या हवेतला नायट्रोजन असतो. शिवाय मोठ्या आतड्यातील जीवाणूंनी तयार केलेले हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन असतात. या कोणालाच वास नाही. दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंमुळे, आणि त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. तेव्हा ‘गॅस’ म्हणजे कोणता, हे ठरवल्याशिवाय उपाय सांगणे व्यर्थ आहे. आयुर्वेदातील ‘वात’ ही संकल्पनाही याहून पुष्कळ व्यापक आहे. तिला सरसकट पोटातला वायू समजणे हा आयुर्वेदावरही अन्यायच.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कात्रण म्हणते, ‘कडधान्ये पोटात सडतात व विषारी वायू तयार होतो.’ प्रत्यक्षात काय घडते? हरभरा, वाटाणा, राजमा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज या शर्करा असतात. त्यांतील गॅलॅक्टोजचे दुवे तोडण्यासाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर लागते, आणि आपल्या लहान आतड्यात ते नसते. त्यामुळे या शर्करा न पचता, न शोषल्या जाता मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जीवाणू त्यांचे किण्वन करतात. त्यातून वायू तर होतातच, पण ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्लेही तयार होतात, आणि ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन आहे. वायू हा या उपयुक्त कामाचा जोडधंदा आहे. त्याला सडणे म्हणणे म्हणजे दही लागण्याला दूध नासणे म्हणण्यासारखे झाले.

मात्र सगळा दोष सदरलेखकाला देऊन चालणार नाही. वर्गात पचनाचा धडा आपण बहुधा लहान आतड्याशीच संपवतो. मोठ्या आतड्याच्या वाट्याला ‘पाणी शोषणे’ एवढे एकच काम येते, आणि अब्जावधी जीवाणूंचा कारखाना फळ्यावर येतच नाही. मग मुलांचे कुतूहल भागवायला कात्रणेच उरतात.

तिसरा दोष मोजमापाचा. ‘दिवसातून दोन-तीन वेळांपेक्षा अधिक वायू सरणे हे रोगाचे लक्षण’ असे कात्रण बजावते. इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथे टॉमलिन, लोविस व रीड यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहा निरोगी व्यक्तींना नेहमीच्या आहाराबरोबर 200 ग्रॅम बेक्ड बीन्स (राजम्याच्याच एका लहान, पांढऱ्या जातीचे शिजवलेले दाणे) देण्यात आले. चोवीस तासांत जमलेला वायू 476 ते 1491 मिलिलीटर होता, मध्यक 705. तंतुविरहित आहारावर तो 200 मिलिलीटरच्या आसपास उतरला, पण शून्य झाला नाही. दिवसातून दहा-पंधरा वेळा वायू सरणे हे निरोगी माणसातही सामान्यच आहे. यातून दोन गोष्टी दिसतात. ‘कायमची सुटका’ अशक्य आहे. आणि बीन्स तेवढेच खाऊनही दोन माणसांत तिपटीचा फरक पडतो, म्हणून सर्वांसाठी एकच निषिद्ध यादी निरर्थक आहे.

कडधान्यांतही सारखेपणा नाही. अमेरिकेत विनहॅम व हचिन्स यांनी 2011 साली तीन आहार-प्रयोगांतील व्यक्तींची उत्तरे प्रसिद्ध केली. रोज अर्धा कप पिंटो (हीही राजम्याचीच जात) किंवा बेक्ड बीन्स खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना पहिल्या आठवड्यात वायू वाढल्याचे जाणवले. चवळी खाणाऱ्यांत 19 टक्क्यांनाच. पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांची तक्रार मावळली. गंमत म्हणजे कडधान्य न दिलेल्या गटांतही काही थोड्यांनी ‘गॅस वाढला’ असे सांगितलेच! इथे वायू मोजलेला नाही, फक्त विचारलेला आहे, ही मर्यादा लक्षात ठेवावी. तरी ‘कडधान्य म्हणजे त्रास’ हे समीकरण त्यात टिकत नाही.

कात्रणातला सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे लिंबूपाण्यात खाण्याचा सोडा : ‘ढेकर आली की गॅस निघाला समजा’. मुलांना हे गणित जरूर घालावे. एक ग्रॅम सोड्याची आम्लाशी पूर्ण अभिक्रिया झाली, तर आपल्या नेहमीच्या तापमानाला सुमारे 280 मिलिलीटर कार्बन डायऑक्साइड निघतो. बाटलीत लिंबाचा रस व फुग्यात सोडा घेऊन तो डोळ्यांनी पाहताही येतो. म्हणजे आलेली ढेकर ही सोड्याचीच! मोठ्या आतड्यातला वायू जठरातून वर येणार कसा? मधे सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे आहे.

उलट एका महत्त्वाच्या कारणाचा उल्लेखच नाही, ते म्हणजे दूध. पुष्कळ प्रौढांमध्ये लॅक्टेज हे विकर कमी होते. मग न पचलेल्या दुग्धशर्करेचेही तसेच किण्वन होते. अशांना ताक-दही बहुधा सोसते, कारण त्यातली काही शर्करा विरजणाच्या जीवाणूंनी आधीच वापरलेली असते.

मग करावे काय? कडधान्य भरपूर पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे. काही शर्करा त्याबरोबर जातात (थोडी जीवनसत्त्वेही जातात, हे खरे). मोड आणले तर अधिक चांगले. कोंब फुटताना बी या शर्करा स्वतःच खर्च करते. मोडाच्या मटकीची उसळ करणाऱ्या आपल्या आज्यांना रॅफिनोज ठाऊक नव्हते, पण रीत अचूक होती. दाणे मऊ शिजवावेत. सवय नसेल तर थोड्यापासून सुरुवात करून काही आठवड्यांत प्रमाण वाढवावे. हिंग-ओव्याची फोडणी चवीसाठी अवश्य घालावी. मात्र त्यांच्या गुणाचा माणसांवरील भक्कम पुरावा अजून तोकडा आहे. वजन घटणे, शौचातून रक्त, सततची पोटदुखी असेल तर कात्रण नको, डॉक्टरच हवेत.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. ज्या शर्करेपासून वायू होतो, ती आईच्या आतड्यातून रक्तात जातच नाही. मग ती दुधात येणार कोठून? वायूपैकी जो थोडा हायड्रोजन रक्तात विरघळतो, तो श्वासावाटे बाहेर पडतो. आईच्या आहारातील काही प्रथिनांचे अंश दुधात उतरतात आणि क्वचित एखाद्या बाळाला त्यांची ॲलर्जी असते, पण तो वेगळा विषय आहे व त्याचे निदान डॉक्टरांनी करायचे. दूध पाजणाऱ्या बाईला प्रथिनांची गरज एरवीपेक्षा अधिक असते. जिच्या ताटात मांस-अंडी नाहीत, तिची डाळ-उसळही काढून घेतली तर उरते काय?

बाईंना मी हे सारे पत्राने कळवले. तुमच्या वर्गातही कधी तरी हा प्रश्न येईल, आणि मुले हसतील. हसू द्यावे. हसून झाल्यावर मात्र धडा मोठ्या आतड्यापर्यंत न्यावा.