साखळीचं दुसरं टोक

कुत्रं फिरवायला माणूस ठेवताना आपण त्याला काय काय विचारतो? मी विचारलं होतं : किती वर्षांचा अनुभव आहे? एका वेळी किती कुत्री नेतोस? पट्टा सुटला तर काय करशील? फोटो पाठवशील का, लाइव्ह लोकेशन देशील का? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन नंबर मिळाले होते. त्यातल्या ज्यानं भराभर उत्तरं दिली, तो मी निवडला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी तरी मोठा असेल, पण पहिल्या फोनपासून मी त्याच्याशी अरे-तुरे केलं. नंबर सेव्ह केला ‘डॉग वॉकर २’ म्हणून.

हे सगळं आठवलं अरविंद अडिगांची ‘द व्हाइट टायगर’ पुन्हा वाचताना. २००८ साली या कादंबरीला बुकर मिळालं, तेव्हापासून तिच्यावर जे बोललं जातं ते बहुधा बलरामनं केलेल्या खुनाबद्दल आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या त्या प्रतिमेबद्दल. मला या वेळी अडकवलं ते धनबादच्या बंगल्यातल्या दोन पॉमेरेनियन कुत्र्यांनी. त्यांची नावं कडल्स आणि पडल्स. बलराम नोकरीला लागतो ड्रायव्हर म्हणून. पण कुत्र्यांना अंघोळ घालणं, पुसणं, साखळीला धरून फिरवणं हेही त्याच्याच गळ्यात पडतं. तो फिरवत असताना दुसरा एक नोकर बसल्या जागेवरून ओरडतो, की साखळी जपून ओढ, या कुत्र्यांची किंमत तुझ्यापेक्षा जास्त आहे.

ओरडणारा मालक नाही, नोकरच आहे, ही अडिगांची खरी पकड. हिशेब मालकानं मांडलेला आहे, पण पाठ झालाय तो नोकराला. साखळीच्या एका टोकाला कुत्रं आणि दुसऱ्या टोकाला माणूस, यात कोण कोणाला फिरवतंय हा प्रश्न अडिगा भाषण न देता उभा करतात.

पण इथेच माझी तक्रारही आहे. कडल्स आणि पडल्स यांच्यात फरक काय? कादंबरी सांगत नाही. कोण खोडकर, कोण भित्रं, कोणाला बलरामच्या हाताची सवय झाली, काहीच नाही. ती श्रीमंतीची खूण म्हणून आणलेली कुत्री आहेत, गाडी आणि व्हिस्कीसारखी. ज्यानं रोज कुत्रं फिरवलंय त्याला हे खटकेल. अर्धा तास रोज सोबत चाललं की नातं तयार होतंच, मग ते रागाचं का असेना. हे नातं आलं असतं तर बलरामचा राग सौम्य झाला असता अशी भीती लेखकाला वाटली असावी. मला वाटतं, तो जास्त गुंतागुंतीचा झाला असता. मालकाचा तिरस्कार आणि त्याच्याच कुत्र्याचा लळा एकाच माणसात राहू शकतात.

याच्या शेजारी चेखवची ‘कुत्रा घेतलेली बाई’ ही १८९९ सालची कथा ठेवून पाहा. योगायोग असा, की तिच्यातला पांढरा श्पिट्सही इंग्रजी भाषांतरांतून पॉमेरेनियन म्हणूनच पोचला. याल्टाला आन्ना त्याला स्वतःच फिरवते आणि गुरोव त्याला हाड देऊ का विचारून ओळख काढतो. पुढे तो तिच्या गावी जातो, घरासमोर घुटमळतो. दार उघडतं आणि एक म्हातारी बाहेर येते, मागे तोच कुत्रा. गुरोवला हाक मारायची असते, पण छाती इतकी धडधडते की त्याला कुत्र्याचं नावच आठवत नाही.

हा प्रसंग प्रेमकथेतला हळवा क्षण म्हणून वाचला जातो, आणि तो तसा आहेच. पण ती म्हातारी? कुत्र्याला बाहेर घेऊन येणारी तीच आहे. गुरोव कुत्र्याचं नाव विसरतो. म्हातारीला नाव असेल हे त्याच्या डोक्यातही येत नाही. आणि खरं सांगायचं तर मीही ही कथा तीनदा वाचून तिच्यावरून पुढे गेलो होतो.

थांबलो ते एका संध्याकाळमुळे. आमच्या जिलबीवर गल्लीतली दोन कुत्री धावून आली. तिला उचलून घेताना ‘डॉग वॉकर २’च्या मनगटाला चावा बसला. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुतली, लस घ्यायला दवाखान्यात गेलो. तो हात धरून बाकावर बसला होता, केसपेपर काढायला मी रांगेत. खिडकीतल्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं. जिलबीच्या रेबीजच्या लसीची तारीख मला तोंडपाठ होती. त्याचं नाव मला बाकापर्यंत परत जाऊन विचारावं लागलं.

त्यानं सांगितलं. वर म्हणाला, ‘जिलबी ठीक आहे ना?’

त्यानंतर माणूस कसा निवडावा याची माझी यादी बदलली. एका वेळी किती कुत्री नेता, हे आजही विचारतो. पहिल्या दिवशी सोबत चालतो आणि कुत्रं हुंगायला थांबलं की ते हिसका देतात की वाट बघतात, ते पाहतो. मे महिन्यात दुपारची वेळ मान्य करणारा माणूस नको. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही भाजणार. जो आपल्याला उलट प्रश्न विचारतो, कुत्रं कशाला घाबरतं, काय खाल्लं की बिघडतं, तो बहुतेक चांगला निघतो.

आणि काही प्रश्न आता मी स्वतःला विचारतो. चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस त्यांना मिळाली आहे का, तिचा खर्च कोण करणार? पावसात सुट्टी पडली तर पैसे कापणार का? चावा बसला तर त्या दिवसांचे पैसे? यांची उत्तरं माझ्याकडे तयार नसतील, तर समोरच्याची परीक्षा घ्यायचा मला काय अधिकार?

बलरामला फिरवणाऱ्याचा राग आहे, चेखवच्या म्हातारीला एक वाक्य आहे. त्या दोघांच्या मधला, कुत्र्यावर जीव असलेला आणि महिन्याच्या पगाराची वाट पाहणारा माणूस मला अजून कथेत भेटायचाय. फोनमधलं नाव मात्र मी त्याच रात्री बदललं.